पगार वाढतोय पण शांतता नाही? आधी मोकळा पैसा मोजा

पैशाने सुख मिळतं का हा प्रश्न मला दरवर्षी जून-जुलैत कोणीतरी विचारतंच, कारण तेव्हा मी लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरत असते आणि समोरचा माणूस फॉर्म १६ वरचा स्वतःचाच आकडा बघून म्हणतो की मॅडम, एवढे कमावले मी वर्षभरात, मग गेले कुठे? पिंपरी-चिंचवडमध्ये काम असल्यामुळे माझ्याकडे सगळ्या प्रकारचे लोक येतात, हिंजवडीचे आयटीवाले, भोसरी एमआयडीसीतले जॉबवर्कवाले (म्हणजे मोठ्या कंपन्यांचे सुटे भाग आपल्या मशीनवर करून देणारे), चाकणला कंपनीत परमनंट झालेले, नर्स, शिक्षक, घरून डबे देणाऱ्या बायका. त्यामुळे कोण किती कमावतो हे मला कळतं आणि कोण कसा जगतो हेही बोलता बोलता कळतं. माझं उत्तर सरळ आहे, हो, पैशाने सुख मिळतं, आणि "पैशात काय ठेवलंय" म्हणणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही, कारण ज्याला रात्री अकरा वाजता हॉस्पिटलच्या काउंटरवर डिपॉझिटसाठी तीन जणांना फोन करावे लागलेत त्याला विचारा पैशात काय ठेवलंय ते.

पण सुख देणारा पैसा म्हणजे पगाराचा आकडा नव्हे. कोणालाही आधीच कबूल केलेला नसलेला, तुमच्या हातात खरोखर उरणारा पैसा सुख देतो. मी त्याला मोकळा पैसा म्हणते. चांगली कमाई करायची ती हा मोकळा पैसा वाढवण्यासाठी, आणि तो कसा वाढवायचा तेच खाली सगळं लिहिलंय.

पहिलं काम आजच रात्री करा, वही घ्या नाहीतर मोबाईलमध्ये लिहा, पण नवरा-बायको दोघं बसून लिहा. हातात येणारा पगार, त्यातून हप्ते, भाडं, किराणा, दूध, गॅस, लाईट बिल, शाळा, पेट्रोल, गावाला पाठवायचे पैसे, सगळं वजा करायचं. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे गाडीचा इन्शुरन्स, शाळेची फी, दिवाळी, गावची जत्रा, हे बाराने भागून त्यात धरायचे, नाहीतर आकडा खोटा येतो. खाली उरेल तो महिन्याचा मोकळा पैसा. मग दुसरा आकडा काढायचा, उद्या पगार थांबला तर बँकेत आणि एफडीत आहेत तेवढ्यावर घर किती महिने चालेल.

दोन घरं सांगते, ओळख कळू नये म्हणून आकडे थोडे बदललेत पण चित्र खरं आहे. पहिल्या घरात हातात येतात १ लाख ४५ हजार. फ्लॅटचा हप्ता ५२ हजार, गाडीचा साडेसोळा हजार, फोन आणि फ्रिजचे क्रेडिट कार्डवरचे हप्ते साडेसात हजार, शाळा आणि व्हॅन १५ हजार, सोसायटी मेंटेनन्स साडेचार हजार, घरखर्च २८ हजार, आईवडिलांना १० हजार. उरले साडेअकरा हजार. बँकेत ६० हजार, म्हणजे पगार थांबला तर पंधरा दिवससुद्धा निघणार नाहीत. दुसऱ्या घरात हातात येतात ६२ हजार, मोशीला भाड्याचं वन बीएचके, भाडं १२ हजार, घरखर्च १७ हजार, शाळा साडेतीन हजार, पेट्रोल अडीच हजार, गावाला ५ हजार. उरले २२ हजार आणि बँकेत-एफडीत मिळून ३ लाख २० हजार, म्हणजे आठ महिने. आता पहिल्या माणसाला मॅनेजर रविवारी फोन करतो तेव्हा त्याच्या पोटात गोळा येतो, आणि दुसऱ्याला सुपरवायझर उगाच बोलला तर तो शांतपणे सांगू शकतो की साहेब, नीट बोला. दुसरा माणूस स्वभावाने काही फार निवांत नाहीये, त्याच्याकडे आठ महिने आहेत म्हणून तो असं बोलू शकतो एवढंच.

यावर अमेरिकेत बराच अभ्यास झालाय. २०१० मध्ये डॅनियल काहनमन आणि अँगस डीटन यांनी सांगितलं की वर्षाला साधारण ७५ हजार डॉलरच्या पुढे रोजच्या आनंदात वाढ होताना दिसत नाही, आणि तेव्हापासून "अमुक पगारानंतर सुख थांबतं" हे वाक्य सगळीकडे फिरतंय. पण गोष्ट तिथे संपली नाही. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी लोकांना फोनच्या अ‍ॅपवरून दिवसात अधूनमधून आत्ता कसं वाटतंय असं विचारून वेगळाच निष्कर्ष काढला, कमाईबरोबर आनंद वाढतच जातो. मग हे दोघं, म्हणजे काहनमन आणि किलिंग्जवर्थ, बार्बरा मेलर्सना बरोबर घेऊन एकत्र बसले आणि २०२३ मध्ये त्यांनी मान्य केलं की बहुतेकांचा आनंद वाढत राहतो, फक्त जे आधीच सगळ्यात जास्त दुःखी आहेत त्यांचा साधारण एक लाख डॉलरच्या आसपास थांबतो. दुःखाचं कारण पैशाचं नसेल, जवळचं माणूस गेलंय किंवा मन आजारी आहे, तर पैसा एका हद्दीपर्यंतच उपयोगी पडतो. डॉलरला नव्वदने गुणून आपल्याकडे हे आकडे लावू नका, त्याला काही अर्थ नाही. त्यातली कामाची गोष्ट अशी की आनंद रुपयांवर नाही, टक्क्यांवर चालतो. २० हजाराचे ४० हजार होताना जेवढा फरक पडतो तेवढाच पडायला १ लाखाचे २ लाख व्हावे लागतात. त्यामुळे ज्यांची कमाई आज कमी आहे त्यांनी वाढवण्यावर जीव तोडून मेहनत करावी, तिथे प्रत्येक हजाराला किंमत आहे.

आता कमाई वाढवायची कशी. खर्च कमी करण्याला हद्द आहे, २५ हजाराच्या पगारात चहा बंद करून कोणी श्रीमंत झालेलं मी बघितलेलं नाही. माझ्याकडे ज्यांचे आकडे पाच-सात वर्षांत खरंच वाढले त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसते, त्यांनी आपल्याच कामातली वरची पायरी शिकून घेतली. भोसरीत सीएनसी-व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, ऑपरेटर म्हणून लागलेला मुलगा फक्त जॉब (मशीनवरचा सुटा भाग) लावत-काढत राहिला तर पगार रेंगाळतो, तोच सेटिंग शिकला, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) घ्यायला शिकला, ड्रॉइंग वाचायला शिकला की सेटर होतो, आणि प्रोग्रॅमिंग आलं की त्याला शेजारच्या शॉपवाला बोलावून घेतो. हे शिकायला तो कुठे लाख रुपयाच्या क्लासला जात नाही, शिफ्ट संपल्यावर सेटरच्या बाजूला तासभर थांबतो. नर्सिंग केलेल्या मुली जर्मन शिकतायत, जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी२ लेव्हलची भाषा लागते आणि तेवढी यायला नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष सहज जातं, सोपं नाही, पण मागणी खरी आहे. मात्र "भाषा नको, आम्ही डायरेक्ट पाठवतो" म्हणून आधी पैसे मागणाऱ्या एजंटपासून लांब राहा.

ऑफिसवाल्यांनी एक नीट समजून घ्या, सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च, हा पगार नव्हे. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, ग्रॅच्युइटी असते, मेडिक्लेमचा प्रीमियम असतो, आणि व्हेरिएबल असतं जे मिळेल तेव्हा खरं. नवीन ऑफर आली की पहिला प्रश्न विचारा, फिक्स किती आणि दर महिन्याला हातात किती. पगारवाढ मागायला जाताना "घरभाडं वाढलंय, मुलाची फी वाढलीय" हे सांगू नका, साहेबाला त्याचं काही नसतं, त्याऐवजी वर्षभरात तुमच्यामुळे काय झालं ते एका कागदावर लिहून न्या, रिजेक्शन किती कमी झालं, कुठला क्लायंट टिकला, कोणाला शिकवून तयार केलं. आणि दोन-तीन वर्षांनी एकदा बाहेर इंटरव्ह्यू द्याच, नोकरी सोडायची नसली तरी द्या, आपला बाजारभाव काय आहे ते घरात बसून कळत नाही.

धंदेवाल्यांचं दुखणं वेगळं. बहुतेकजण आपल्या वेळेचे पैसे धरतच नाहीत. डबे देणाऱ्या एका ताईंचा हिशोब मांडून बघितला होता. रोज ३० डबे, ८० रुपयांचा एक, म्हणजे २४००. किराणा-भाजी १५००, गॅस आणि पोचवणाऱ्या पोराचे मिळून ४५०. उरले ४५०, आणि त्यासाठी पहाटे पाचपासून सहा तास उभं राहायचं, तासाला ७५ रुपये झाले. त्यांना भाव वाढवायची भीती वाटत होती, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. शेवटी ९५ केला, सहा डबे बंद झाले. २४ डब्यांचे २२८० आले, किराणा १२००, गॅस-डिलिव्हरी ३६०, हातात ७२०. काम कमी झालं आणि पैसे वाढले. प्रत्येक धंद्यात इतकं सरळ होत नाही हे मान्य, पण तुम्ही कधी असा कागदावर हिशोब करून बघितलाय का? बघा एकदा. त्यात स्वतःची मजुरी नक्की धरा, घरातली बाई मदत करत असेल तर तिचीही धरा, तिचं काम फुकट धरून दाखवलेला नफा हा नफाच नाही.

जॉबवर्कवाल्यांसाठी अजून एक, पैसे अडकले की कमाई कागदावरच राहते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या, ती सरकारी वेबसाईटवर फुकट होते, त्यासाठी कोणाला दोन-तीन हजार देऊ नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं असा २००६ चा कायदा आहे, थकवलं तर बँक रेटच्या (रिझर्व्ह बँक ठरवते तो दर) तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ पासून इन्कम टॅक्समध्येही नियम आलाय की मुदतीत पैसे दिले नाहीत तर काम करून घेणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा धरता येत नाही. मोठ्या कंपनीशी भांडण कोणाला परवडत नाही हे मला माहितीये, म्हणून भांडू नका, फक्त प्रत्येक बिलावर उद्यम नंबर आणि पैसे देण्याची तारीख छापा आणि फेब्रुवारीत त्यांच्या अकाउंट्सवाल्याला नम्रपणे आठवण करा, मार्चच्या आधी त्यांनाच घाई असते.

कमाईचा एक रस्ता मात्र मी सगळ्यांना सोडायला सांगते, फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे शेअरचा भाव पुढे वर जाईल की खाली यावर लावलेले सौदे. ट्रेडिंगचं स्टेटमेंट घेऊन येणारी पोरं वाढलीत आणि त्यांचे चेहरे बघवत नाहीत. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शंभरातल्या ९३ वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला होता आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. आपण त्या सातांतले आहोत असं प्रत्येकाला वाटतं. टेलिग्रामवर "रोज दोन तास टास्क करा, पाच हजार कमवा" हे तर सरळ फ्रॉड आहे, कोणी अडकलाच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० ला फोन करा, जेवढा लवकर कराल तेवढे पैसे थांबायची शक्यता जास्त.

कमाई वाढली, आता ती मोकळी ठेवायची, आणि खरी लढाई इथेच आहे. इन्क्रिमेंटचं लेटर यायच्या आधीच गाडी बुक झालेली असते. माझा नियम असा की वाढीतली अर्धी रक्कम पहिल्याच महिन्यापासून वेगळ्या खात्यात आपोआप जाईल अशी सोय करायची आणि उरलेली अर्धी बिनधास्त खर्च करायची, घरच्यांनाही कळलं पाहिजे की पगार वाढला. सगळीच वाढ बचतीत टाकणारे लोक तीन-चार महिन्यांत कंटाळतात आणि मग एकदम सुटतात.

क्रेडिट कार्डाचं राहिलेलं बिल असेल तर बाकी सगळं सोडून आधी ते संपवा. महिन्याला साडेतीन टक्के ऐकायला बारीक वाटतं, वर्षाचे चाळीसच्या वर होतात, आणि "मिनिमम ड्यू" भरत राहिलात तर मुद्दल हलतच नाही. एफडी मोडून भरा, सोनं ठेवून भरा, पण संपवा. एफडीवर सात टक्के मिळवत कार्डावर चाळीस टक्के भरणारे लोक आहेत, चांगले शिकलेले आहेत.

आणि घर. यावर माझं नातेवाईकांशी पण वाजतं. स्वतःच्या घराचा आनंद खरा आहे, भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी मालकाचा फोन यायची धाकधूक ज्यांनी काढलीय त्यांना तो कळतो, त्यामुळे घर घेऊच नका असं मी म्हणत नाही. पण आकडा बघून घ्या. ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता ५२ हजार, आणि शेवटपर्यंत भरलं तर एकूण साधारण सव्वा कोटी जातात, म्हणजे व्याजच ६५ लाख. वर पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये सात टक्के स्टॅम्प ड्युटी, बाईच्या नावावर घेतलं तर त्यात एक टक्का सवलत आहे ती जरूर घ्या, फर्निचर वेगळं, पार्किंग वेगळं. म्हणून घर बघायला जायच्या आधी एक करा, सहा महिने हप्त्याची रंगीत तालीम करा. आज भाडं १८ हजार आहे आणि हप्ता ५२ हजार येणार आहे ना, मग दर महिन्याला ३४ हजार पगार झाल्या झाल्या वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. सहा महिने घरात चिडचिड न होता जमलं तर घर तुमच्या आवाक्यातलं आहे, आणि दोन लाख चार हजार जमलेत ते डाउन पेमेंटला धरा. तिसऱ्याच महिन्यात ओढाताण झाली तर ६० नको, ४० लाखांचं कर्ज बघा, पुनावळेऐवजी चऱ्होली बघा, नाहीतर अजून दोन वर्षं थांबा. बिल्डरच्या ऑफिसमधली पोरगी म्हणेल रेट पुढच्या महिन्यात वाढणार आहे, तिला तेच बोलायला ठेवलंय.

कर्ज आधीच घेतलं असेल तर वर्षातून एक हप्ता जादा भरा, बोनस आला की तो तिथे टाका. वरच्याच उदाहरणात बाराऐवजी तेरा हप्ते भरले तर २० वर्षांचं कर्ज साधारण साडेसोळा वर्षांत संपतं, आणि फ्लोटिंग रेटच्या (व्याजदर बदलत राहणाऱ्या) गृहकर्जाला आधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही. बँकेला मुद्दाम लिहून सांगा की मुदत कमी करा, हप्ता तोच ठेवा.

झोप लागायची असेल तर सुरक्षिततेचं आधी बघा, परताव्याचं नंतर. सहा महिन्यांचा खर्च एफडीत. कोणी तुमच्यावर अवलंबून असेल तर साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, पैसे परत मिळणारी पॉलिसी नको, त्यात ना धड विमा असतो ना धड बचत. कंपनीचा मेडिक्लेम असला तरी स्वतःचा वेगळा घ्या कारण नोकरी गेली की तो जातो, आणि शुगर-बीपी निघायच्या आधी घ्या, नंतर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आईवडील सत्तरच्या पुढे असतील तर त्यांचं आयुष्मान कार्ड काढून ठेवा, ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरच्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंतची सोय झालीय, पण ऐनवेळी कार्ड शोधत बसू नका आणि जवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते आधी बघा. ज्यांना काहीच परवडत नाही त्यांनी निदान बँकेतून निघणारे दोन विमे घ्या, ४३६ रुपयांचा जीवनज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा, वर्षाचे दोन्ही मिळून पाचशेसुद्धा होत नाहीत.

ठेवींबद्दल एक कळकळीने सांगते. बँक बुडाली तर एका बँकेत एका माणसाचे व्याजासकट पाच लाखांपर्यंत पैसे विम्याखाली सुरक्षित असतात, सहकारी बँकेतसुद्धा. पण पतसंस्थेला हा विमा लागू नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, चेअरमन ओळखीचा असतो, लग्नकार्यात भेटतो, आणि दोन टक्के जास्त मिळतात म्हणून रिटायर झालेली माणसं ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम तिथे ठेवतात. ओळखीवर पैसे ठेवू नका. चांगल्या पतसंस्था आहेत, पण आयुष्याची सगळी पुंजी एका ठिकाणी ठेवायची ती जागा नाही.

लांबच्या पैशाचं फार डोकं लावू नका. नोकरी बदलली की पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पीपीएफ आहे, साध्या इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा म्युच्युअल फंड) एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम टाकणं, आहे, दहा वर्षं हात लावायचा नसेल तरच एसआयपी. बास.

आता हा पैसा खर्च कसा करायचा, कारण जमवून ठेवणारे पण सुखी दिसत नाहीत. २०१७ मध्ये अ‍ॅश्ली व्हिलन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, कॅनडा, डेन्मार्क, नेदरलँड्स अशा देशांतल्या सहा हजारांवर लोकांना विचारलं, त्यात वेळ वाचवण्यासाठी पैसे खर्च करणारे जास्त समाधानी निघाले. माझ्या कामात हे रोज दिसतं. भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये रोज येऊन-जाऊन अडीच तास घालवणाऱ्याने चार हजार जास्त भाडं देऊन ऑफिसजवळ राहायला जाणं हा मोठ्या टीव्हीपेक्षा कितीतरी चांगला खर्च आहे. पोळ्यांना बाई लावणं हाही, आणि त्याबद्दल घरातल्या बाईला कोणी टोमणा मारला तर नवऱ्याने मध्ये बोलायला हवं.

दुसऱ्यासाठी केलेला खर्चही सुख देतो. २००८ च्या एका प्रयोगात लोकांना पाच किंवा वीस डॉलरचं पाकीट देऊन अर्ध्यांना स्वतःवर आणि अर्ध्यांना दुसऱ्यावर खर्च करायला सांगितलं होतं, संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खुश होते, रक्कम किती यावर काही नव्हतं. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते तेव्हा वारकऱ्यांना चहा-बिस्किटं, रेनकोट वाटणारी कंपन्यांमधली मंडळी बघा, वर्षभर पगाराबद्दल कुरकुर करणारा माणूस त्या दिवशी वेगळाच असतो. पण देणं मोकळ्या पैशातूनच असावं. नातेवाईक उसने मागायला आले तर परत नाही आले तरी चालतील एवढेच द्या, आणि देताना मनात ते दिल्यातच धरा. त्याहून जास्त जमणार नसेल तर तोंडावर नाही म्हणा, पैसे आणि नातं दोन्ही जाण्यापेक्षा ते बरं. आणि लग्न! मुलीचं, मुलाचं, कर्ज काढून करू नका, ऋण काढून सण नको हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगत आलेत, तरी दरवर्षी मे महिन्यानंतर माझ्याकडे पर्सनल लोनचे कागद येतातच. लोक जेवून जातात, दुसऱ्या दिवशी मेनू विसरतात, हप्ता पाच वर्षं राहतो.

शेवटचं काम सगळ्यात अवघड आहे, किती झालं म्हणजे पुरे ते ठरवणं. हे न ठरवलेले लोक मी खूप बघते, टर्नओव्हर दुप्पट झाला, मशीन वाढल्या, शुगर वाढली, पोरगा वडिलांशी बोलत नाही. एका जॉबवर्कवाल्या गृहस्थांनी मात्र बायकोला आणि मुलाला समोर बसवून आकडा काढला, घरखर्च महिन्याला ६० हजार, मुलाचं शिक्षण, म्हातारपणाची सोय, कामगारांचे पगार सहा महिने अडू नयेत एवढी गंगाजळी. तेवढं दोन शिफ्टमध्ये भागत होतं. त्यांनी रात्रपाळी बंद केली, रात्रपाळीची मुलं दिवसाला घेतली, आणि सगळ्यात उशिरा पैसे देणारं गिऱ्हाईक सोडलं. त्या वर्षी त्यांचा नफा थोडा कमी आला, रिटर्न भरताना मी दाखवला तर म्हणाले माहितीये, बरोबर आहे.

तुम्हीही असा आकडा काढा, तिशीत काढा, चाळिशीत बदला, बदलायला काही हरकत नाही. त्यात तीन गोष्टी लिहा, किती महिन्यांचा खर्च बाजूला हवा, कुठली कर्जं कधी संपायला हवीत, आणि त्यानंतर जादा कमाईऐवजी काय परत घ्यायचंय, रविवार, संध्याकाळ, गावाकडचे चार दिवस, जे असेल ते. मग एप्रिलमध्ये इन्क्रिमेंटनंतर आणि दिवाळीत बोनस आला की वही काढून मोकळ्या पैशाचे दोन्ही आकडे पुन्हा मांडा, जोडीदाराला सोबत घेऊनच, आणि बँक खाती, विमे, पीएफ सगळीकडे नॉमिनीचं नाव बरोबर आहे का तेही त्याच बैठकीत बघून घ्या, लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर बऱ्याचदा अजून जुनंच नाव असतं.